पुस्तकाबाहेरचा उतारा

संस्थानच्या नव्या कायद्याप्रमाणे ज्याला लिहिता-वाचता येईल त्यालाच पंचायतीच्या निवडणुकीत मत होतं. पलूसजवळच्या त्या गावात कुंभारवाड्यातल्या एकाही बाईचं नाव यादीत नव्हतं. नवी विहीर कुठं खणायची हे येणारी पंचायत ठरवणार होती, आणि कुंभारवाड्यातल्या बायका अजून ओढ्याचं पाणी भरत होत्या. म्हणून रंगुबाई वयाच्या चाळिशीत पाटी घेऊन बसली.

शिकवायला नूरजहां होती. शिंप्याची मुलगी, वीस वर्षांची, सांगलीला मामाकडे राहून सातवी पास झालेली. दुपारी शाळेच्या पडवीत तिचा बायकांचा वर्ग भरायचा. अकरा जणींत रंगुबाई सगळ्यांत हुशार. धडा उघडला की ओळीवरून बोट फिरवत ती न अडखळता शेवटापर्यंत जायची. नूरजहांनं वरच्या कचेरीला तसं लिहूनही कळवलं होतं.

यादीत नाव येण्यासाठी द्यायच्या परीक्षेला आठ दिवस उरले तेव्हा कचेरीचा कागद आला. नूरजहांनं तो वर्गात वाचून दाखवला. सांगलीहून गोदावरीबाई नावाच्या परीक्षक येणार होत्या. प्रत्येकीला पुस्तकाबाहेरचा उतारा वाचावा लागेल आणि सांगितलेलं एक वाक्य लिहावं लागेल.

दुसऱ्या दिवशी रंगुबाई वर्गाला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ताप आलाय, असा निरोप आला.

नूरजहां कुंभारवाड्यात गेली, तर रंगुबाई अंगणात माती तुडवत होती.

"मावशी, ताप कुठाय?"

रंगुबाईनं पाय थांबवले नाहीत. माती तुडवतच म्हणाली, "बाई, मला वाचता येत न्हाई."

"म्हणजे?"

"तुमी धडा दोनदा वाचता, तेवढ्यात माजा पाठ होतो. बोट नुसतं फिरवते. परवा गुळाच्या पुडीचा कागद घिऊन बसले. धा-बारा अक्षरं वळकली, बाकी सगळा अंधार."

नूरजहां ओट्यावर बसली. तिला आपण कचेरीला लिहिलेली ओळ आठवली. परीक्षेत ही अडकली तर उरलेल्या दहा जणींवर कोण विश्वास ठेवणार? वर्गच बंद करतील. सातवी पास पोरगी लोकांना फसवते, असं गावात झालं तर वडिलांना तोंड दाखवायला जागा राहायची नाही.

"माजं नाव काढून टाका," रंगुबाई म्हणाली.

"काढलं तर का काढलं म्हणून विचारतील." नूरजहांनं ओल्या मातीचा गोळा घेतला, ओट्यावर थापला आणि काडीनं त्यावर 'चाक' लिहिलं. "हे काय?"

"च. आन् काना. चा... चाक."

"हे पुस्तकात नाही, मावशी. हे तुम्ही वाचलं."

पुढचे पाच दिवस ती रोज सकाळी कुंभारवाड्यात आली. पुस्तक ती शेवटच्या शब्दापासून उलटं वाचून घ्यायची, म्हणजे पाठांतराला पळायला वाट मिळू नये. रंगुबाईला घाम फुटायचा. ध आणि ढ तिला एकच वाटायचे. पहिली वेलांटी कुठली, दुसरी कुठली, यात तिचा रोज घोळ व्हायचा. शेवटच्या दिवशीही जोडाक्षर आलं की ती थांबायचीच.

परीक्षेच्या दिवशी गोदावरीबाई पडवीत खुर्ची टाकून बसल्या. नूरजहांला त्यांनी दूर, दारापाशी उभं राहायला सांगितलं. रंगुबाईची पाळी शेवटी आली. तोवर तिच्या पदराचं टोक पिळून पिळून ओलं झालं होतं.

कागदावर चार ओळी होत्या. रंगुबाईनं बोट ठेवलं. "पा... व... सा..." ती थांबली. पुढं जोडाक्षर होतं. "ळ्या... त. पावसाळ्यात. न-दी-चे पाणी ग... गधूळ होते."

"पुन्हा पाहा," गोदावरीबाई म्हणाल्या.

रंगुबाईनं पाहिलं. मग म्हणाली, "गढूळ."

"हे वाचलंत, की अंदाजानं सांगितलंत?"

खोटं बोलावं असं रंगुबाईला क्षणभर वाटलं.

"आदी ध वाटला, मग अंदाज केला," ती म्हणाली. "नदीचं पानी गढूळच आसतंय. मग बघितलं. ह्यो ढ हाय."

"यातला दुसरा ढ दाखवा."

बोट ओळीवरून सरकलं, खालच्या ओळीवर गेलं, परत वर आलं. खूप वेळ गेला. शेवटी ते 'काढून' या शब्दावर टेकलं.

गोदावरीबाईंनी पाटी पुढं सरकवली. "लिहा. आमच्या गावात विहीर आहे."

रंगुबाईनं 'आमच्या गावात' लिहिलं आणि पेन्सिल थांबवली. "आमच्या वाड्यात न्हाई ओ. तरी आसंच लिवू?"

"सांगितलंय तसं लिहा."

तिनं तसं लिहिलं. 'विहीर'मधल्या 'ही'लाही पहिलीच वेलांटी दिली. मग खाली, कोणी न सांगता, आणखी एक ओळ सावकाश लिहिली: कुंभारवाडात नाही. गोदावरीबाईंनी दोन्ही ओळी वाचल्या, दोन्ही चुकांखाली रेघ मारली आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं. त्यांचा चेहरा काहीच सांगत नव्हता.

निकाल बारा दिवसांनी लागला. तेवढ्या दिवसांत नूरजहांचं शिवणकामात लक्ष लागलं नाही. एका झंपराच्या दोन्ही बाह्या तिनं एकाच अंगाच्या कापल्या. अकरापैकी आठ जणी पास होत्या. रंगुबाईचं नाव सातवं होतं, पुढं शेरा होता: जोडाक्षरे व शुद्धलेखन कच्चे.

निवडणुकीत कुंभारवाड्यातून उभा राहिलेला जोतिबा चार मतांनी पडला, आणि विहीर मोठ्या आळीत खणायचं ठरलं. रंगुबाई आठवडाभर वर्गाला फिरकली नाही. मग एका दुपारी ती वर्गात येऊन बसली आणि नूरजहांला म्हणाली, "बाई, इहिरीसाठी अर्ज कसा लिवत्यात? वरती काय घालायचं, ते सांगा."