धुऱ्यावरची कळलावी

मी कळलावी बोलतेय. नाव ऐकताच मागे सरलात ना? सरा. मला सवय आहे.

दर्यापूरकडच्या काळ्या रानात शालिकराम आणि नत्थुजी या दोघा भावांची शेतं लागून होती. मधल्या धुऱ्यावर, म्हणजे दोन्ही शेतांच्या सामाईक बांधावर, मी उगवले. मला कुणी पेरलं नाही, पाणी घातलं नाही. उन्हाळाभर माझा कंद भेगाळलेल्या मातीत तग धरी. श्रावणात मी बोरीला धरून वर चढे आणि पिवळ्या-तांबड्या फुलांनी बहरे.

अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून सुईणी माझ्या कंदाचा लेप लावीत. नाव त्यावरूनच पडलं, असं पार्बताबाई सुईण सांगे. बाकी गाव म्हणे, हे फूल ज्या छपरावर पडेल त्या घरात भांडण लागतं. लोकांना हाच अर्थ जास्त आवडला.

पुढे साता समुद्रापलीकडे गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि अमरावतीच्या बाजारात कापूस सोन्याच्या भावानं जाऊ लागला. शालिकरामची नियत फिरली. दर पेरणीला तो धुरा थोडा थोडा नांगरून आपल्या शेतात ओढू लागला. नत्थुजीनं हटकलं, तर त्यानं काठीनं सख्ख्या भावाचं डोकं फोडलं.

प्रकरण चावडीवर गेलं. तिथे शालिकरामची बायको कौशल्या म्हणाली की, धाकट्या जावेनं, नत्थुजीच्या बायकोनं जमुनेनं, आमच्या छपरावर कळलावी टाकली, म्हणून हे घडलं. जमुनेनं मला कधी हातही लावला नव्हता.

ती पदर सावरून पुढे आली. "त्या फुलानं नांगर हाकला काय, पाटीलबुवा? धुरा कोनं मोडला, ते इचारा न."

कुणी विचारलं नाही. पाटलाचा कापूस शालिकरामच्याच गाड्यांतून बाजारात जात होता. निकाल झाला, कळलावी खणून काढा. जमिनीचं नावही निघालं नाही. विहिरीवर बाया जमुनेला घागर भरू देईनात, तेव्हा नवरा-बायको वरूडकडे तिच्या माहेरी निघून गेली.

मला कुदळीनं फोडलं, वर नांगर फिरवला. माझे तुकडे शालिकरामच्या वावरभर पसरले, आणि पुढच्या पावसाळ्यात मी त्याच्या कापसात जागोजागी उगवले.

निंदणीला, तण काढायला आलेल्या बाया मला पाहून बांधावरच थांबल्या. कौशल्येनं आधी दटावलं, मग हात जोडले. त्यांतली एक शांतपणे म्हणाली, "तुमीच सांगतलं होतं न बाई, ईच्यानं घर फुटते. आमाले आमचं घर हाये."

बाया गेल्या. आता कापूस गवतात बुडालाय आणि कौशल्या एकटीच खुरपं घेऊन बसली आहे. ती मला वरच्या वर छाटते. तोड बाई. कंद खोल आहे.