पेपर फुटायची भीती

चिऊनं तीन पानं एकावर एक ठेवली, टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या आणि स्टेपलर दाबला. नाव चिऊ असलं तरी पोरगी ताडमाड होती. मोठ्या सरांच्या ऑफिसातल्या बुटक्या स्टुलावर तिचे गुडघे हनुवटीला भिडत होते. ती नववीच्या सहामाहीचा विज्ञानाचा पेपर टाचत होती. स्वतः नववीतच होती, पण परीक्षेला बसणाऱ्यांत नव्हती.

शेजारी उभ्या असलेल्या बाई, म्हणजे शाळेतल्या विशेष वर्गाच्या शिक्षिका, आज भांडायच्या तयारीनंच आल्या होत्या.

"तिला बसू द्या, सर. दुप्पट वेळ द्या. तिचा हक्क आहे तो."

"हक्क आहे हो, पण वाचता यायला नको?" मोठे सर चष्मा पुसत म्हणाले. "निकाल मला वर दाखवावा लागतो. आणि तुमच्या मुलांना आम्ही काम देतोच की. बाकीची पोरं नुसत्या नजरेनं पेपर फोडतील. तुमच्या वर्गाचं बरंय. अक्षरओळख नाही, म्हणजे पेपर फुटायची भीती नाही."

हे तिच्यादेखत. जणू ती तिथं नव्हतीच. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या कामाला हा माणूस 'व्यवसाय प्रशिक्षण' म्हणत आला आणि आपण मान डोलावत आलो, हे आठवून त्यांना स्वतःचाही संताप आला. गठ्ठे आले की वर्ग शांत व्हायचा, मुलांच्या हाताला वळण लागायचं. तेवढ्यावर त्यांनी तोंड मिटून घेतलं होतं.

"तिला वाचता येतं. ओळीखाली बोट धरून वाचते, वेळ लागतो, पण वाचते."

"बाई, माया वेगळी आणि परीक्षा वेगळी."

"माया गेली खड्ड्यात!" बाईंचा आवाज इतका चढला की शिपाई दारातून डोकावून गेला. "बसवायचं नसेल तर तसं लेखी द्या मला. तिच्या आईवडिलांना घेऊन जाते मी वरच्या ऑफिसात."

लेखी म्हटल्यावर मोठ्या सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"बरं, बसू दे. उद्या विज्ञानच आहे, बसू दे. कोरा पेपर हातात आला की तुमचं समाधान होईल."

बाई आनंदानं वळल्या. चिऊचा हात थांबला होता.

"मी नाही बसणार," ती म्हणाली.

"अगं, घाबरतेस कशाला? मी आहे ना."

"घाबरत नाही. बघून लिहायचं नाही, तुम्हीच सांगता ना? मी हा वाचलाय."

मोठे सर खो-खो हसले.

"वाचलाय म्हणे!"

चिऊनं पेपरावर तळहात पालथा ठेवला.

"दुसऱ्या प्रश्नात डोळ्याची आकृती आहे, नावं द्यायचीत. मग लोखंड का गंजतं ते. शेवटचा मला येत नाही. काल गणिताचापण वाचला."

मोठ्या सरांनी तिच्या हाताखालून पेपर ओढून घेतला आणि पानं उलटली. मग त्यांची नजर बाईंकडे वळली.

"कुणी वाचून दाखवला तुला? खरं सांग."

"कुणी नाही. टाचता टाचता वाचला. इतके पेपर असतात, सगळे सारखेच. एकेका पेपरला एकेक ओळ."

बाईंना खूप काही सुनवायचं होतं. सगळं तोंडाशी आलंही होतं.

"नवा पेपर काढायला घ्या, सर," त्या एवढंच म्हणाल्या.

"अहो, उद्या परीक्षा आहे!"

चिऊ उठली. तिनं स्टेपलर मोठ्या सरांसमोर ठेवला आणि पिनांची डबी त्याच्या शेजारी ठेवली.

"नवा पेपर मी टाचायचा नाही ना, बाई?"

"नाही."

"मग बसते," ती म्हणाली आणि दाराच्या चौकटीखालून वाकून बाहेर पडली.