बर्फावरचा उबदार वारा

१९९८च्या जानेवारीत पुतळाबाई गेली, तेव्हा तिची लेक मोहिनी अंटार्क्टिकावर बर्फ किती वितळतो ते मोजत होती. परतीचं जहाज मार्चशिवाय निघणार नव्हतं. पुतळाबाईच्या नवऱ्याने, सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या चंदरने ठरवलं, पोरगी घरी येईपर्यंत तिला काही कळू द्यायचं नाही.

रविवारी तिचा फोन आला. "आई कुठंय?"

"देवळात गेलीय," चंदर म्हणाला आणि घाईघाईने विचारलं, "तिकडचा बर्फ काय म्हणतो?"

मोहिनीची कळी खुलली. "बाबा, गेल्या आठवड्यात डोंगरावरून कोरडा, उबदार वारा सुटला. महिन्यात वितळला नसता एवढा बर्फ चार दिवसांत गेला. मग नवा बर्फ पडला आणि वितळणं थांबलं. ताजा पांढरा बर्फ ऊन परत फेकतो ना!"

पुढचे दोन रविवार त्याने असंच वारा, ढग, ऊन विचारत वेळ मारून नेली. त्यानंतरच्या रविवारी ती बोलता बोलता थांबली.

"बाबा, एरवी तुम्ही माझ्या कामाचं कधी विचारत नाही. आई आजारी आहे का?"

"आजारी होती गं," तो कसाबसा म्हणाला. "गेली ती. पंचवीस दिवस झाले."

पलीकडून ती म्हणाली, "फोन ठेवू नका, बाबा."

लाइन तुटेपर्यंत दोघंही रडत होते.

पुढच्या रविवारी मोहिनीने बर्फाचा विषयच काढला नाही. आईचे शेवटचे दिवस कसे गेले एवढंच विचारलं, आणि चंदरने सगळं सांगितलं.