खळ्यावर चपला चालत न्हाईत

दोन घास खाल्ले की माझं पोट टम्म फुगतं आणि खाल्लेलं पुढं सरकतच न्हाय. माझी सासू नीराबाई आळीभर सांगत फिरते, "कामाच्या वक्ताला सुनेचं पोट बरोबर दुखतं." मेलं एक दिवस हे पोट तिला द्यावं, मग कळेल.

माणगावच्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं. "माणसाच्या घाणीतनं जंत मातीत येतात आणि पायाच्या कातडीतून आत शिरतात. जेवण पुढं ढकलायचं काम आतड्याच्या नसा करतात. वर्षानुवर्षं जंत राहिले की त्या बिघडतात. गोळीनं जंत मरतील, पण नसा लगेच सुधारतील असं न्हाय. आणि अनवाणी फिरलीस तर जंत पुन्हा होणार."

अनवाणी! आमच्या खळ्यावर जवळा वाळतो, तिथं चपला घालून कुणी पाय ठेवत न्हाय. मासळी म्हणजे लक्ष्मी. आणि खळ्यालगत माडांच्या आडोशाला अर्धी आळी परसाकडं बसते, ते मात्र लक्ष्मीला चालतं!

माझं झालं ते झालं. पण माझी पूर्वी नऊ वर्षांची हाय. शाळेतनं आली की आजीच्या मागं मागं जवळा पसरते. परवा ती पायाच्या बेचक्या खाजवताना दिसली, लाल पुरळ उठलेलं. जंत तिथनंच आत शिरले असणार. बाजारात जाऊन तिला गुलाबी चपला आणल्या.

दुसऱ्या दिवशी ती त्या घालून खळ्यावर आली, तशा जवळा पसरणाऱ्या आळीतल्या बायकांदेखत सासूनं त्या खळ्याबाहेर भिरकावल्या. "आम्ही जन्मभर अनवाणी राबलो, आम्हाला काय धाड भरली?" माझा नवरा विनेश जाळं दुरुस्त करत बसलेला. तो पुढची गाठ मारायला लागला.

तेवढ्यात मुंबईचा व्यापारी आला. बुटांसकट जवळा तुडवत खळ्याच्या मधोमध गेला, मूठभर उचलून वास घेतला. सासूनं पदरानं पुसून त्याला खुर्ची दिली.

माझं डोकंच फिरलं. "आता कुठं गेली तुमची लक्ष्मी?" मी चपला उचलल्या आणि सगळ्यांदेखत पूर्वीच्या पायात घातल्या.

"ही थेरं माहेरी जाऊन कर," सासू म्हणाली.

"जाते. पोरीला घेऊन जाते." मी पूर्वीचा हात धरला.

पोरीनं हिसडा मारून हात सोडवला. भर बायकांत तिचे कान लाल झाले होते. तिनं चपला काढून माझ्यासमोर टाकल्या.

"जा तू, आये. मला न्हाय तुझ्यासारखं व्हायचं," ती म्हणाली, आणि अनवाणी जवळा पसरायला गेली.