नरसाळ्याखालचा माणूस

जेवणाच्या टेबलावर ओढ्याचे फोटो पसरले होते आणि फोटोंवर लाल बाण होते. प्रत्येक खडकाला एक बाण. पाण्यात अडकलेल्या ओंडक्याला दोन. कड्याखालच्या पोकळीला तर इतके, की तिथे पोकळी आहे हेच दिसेनासं झालं होतं.

बाण लावणारे गृहस्थ कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. शर्टाची शिलाई सुटलेली दिसली की त्या जागी लाल बाणाचं स्टिकर लावायचं आणि शर्ट परत पाठवायचा, ही त्यांची नोकरी. नोकरी अंगात इतकी मुरली होती की पाहुण्यांकडे गेल्यावर आधी पडद्यांची शिवण बघायचे, मग पाहुण्यांकडे. "यांना आरसा दिला," त्यांची बायको सांगायची, "तर हे आरशाची कड तपासतात. तोंड बघायचं राहूनच जातं."

बायको शाळेत पोहायला शिकवायची. गेली काही वर्षं तिने कयाकचा, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या निमुळत्या होडीचा, नाद लावून घेतला होता. पण आजवर ती रुंद नद्यांतून गेली होती, आणि रुंद नदी माणसाला विचार करायला जरा सवड देते. ओढा तसली सवलत ठेवत नाही. तो डोंगरातून अरुंद घळीत उड्या मारत येतो, आणि एका उडीतून सावरेपर्यंत पुढची हजर असते. तिला एकदा तरी असा ओढा उतरायचा होता. पुढच्या महिन्यात उजव्या खांद्याचं ऑपरेशन ठरलं होतं. नंतर वल्हं मारता येईल का, या प्रश्नावर डॉक्टरांनी "बघू" असं उत्तर दिलं होतं. डॉक्टरांचं "बघू" काय असतं, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे ओढा झाला तर या रविवारी. नाहीतर बहुधा कधीच नाही.

बरोबर तिचा धाकटा भाऊ जाणार होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. हा ओढा त्याने अनेकदा उतरला होता. टेबलापाशी येऊन त्याने फोटो बघितले आणि त्याचा चहाचा कप हवेतच राहिला.

"भाऊजी, हे काय केलंत?"

"धोके दाखवलेत. एकही सुटलेला नाही."

"तेच म्हणतोय. हा मरायचा नकाशा झाला. पाण्यात माणूस जिथे बघतो ना, तिथेच त्याची होडी जाते. ताई या बाणांकडे बघत उतरली, तर ओढ्यातल्या प्रत्येक दगडाला भेट देऊन येईल."

"मग काय दाखवायचं?"

"वाट. फक्त वाट. काठावरच्या माणसाने हात करायचा तोही वाटेकडे. धोक्याकडे बोट करायचंच नाही, कधीच नाही. पाण्याच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही. बोट दिसलं की आम्ही तिकडे वळतो, विचार करत नाही."

तपासनिसांनी बाण काढायला घेतले. वाटेसाठी दुसऱ्या रंगाचे बाण हवे होते, पण ते त्यांच्याकडे नव्हते. नीट शिवलेल्या भागाला लावायचं स्टिकर कारखान्याने कधी छापलंच नव्हतं. शेवटी बायकोने शाळेचा निळा खडू आणला आणि मेहुण्याने फोटोंवरून एक रेघ ओढली. ती खडकांमधून वळसे घेत खाली आली आणि एका फोटोपाशी थांबली.

"हे नरसाळं," तो म्हणाला. "दोन्ही बाजूंनी कातळ जवळ येतात, पाणी चेपलं जातं आणि दीड पुरुष खाली पडतं. पडल्यावर डावीकडे निघायचं. उजवीकडे कड्याखाली पोकळी आहे. पाणी आत जातं."

"बाहेर कुठून येतं?" तपासनिसांनी विचारलं.

"पाणी येतं बाहेर," मेहुणा म्हणाला, आणि चहा प्यायला.

मग बायकोने कयाकवाल्या मंडळींचा नियम सांगितला. तिघांपैकी कोणीही, कुठल्याही क्षणी "नाही" म्हटलं की होड्या उचलायच्या आणि काठाने चालत जायचं. कारण विचारायचं नाही. टोमणा मारायचा नाही. घरी आल्यावर विषयसुद्धा काढायचा नाही.

"मलाही तो अधिकार आहे?" तपासनिसांनी विचारलं.

"तुम्ही काठावर दोर घेऊन उभे राहणार. म्हणजे आहे." ती त्यांच्याकडे बघत राहिली. "पण अहो, काही दिसलं तर म्हणा. नुसती भीती वाटली म्हणून म्हणू नका. मला कारण विचारता येणार नाही. तुमच्या शब्दावर होडी उचलावी लागेल."

त्या दिवसापासून तपासनीस तोंडात एक "नाही" घेऊन वावरू लागले. दात घासताना, बसमध्ये, शर्टांच्या ढिगासमोर. बायको जेवण वाढताना त्यांच्या तोंडाकडे बघायची. त्यांनी नुसतं "मीठ" म्हणायला तोंड उघडलं तरी तिचा डाव थबकायचा.

रविवारी ते ओढ्यावर पोहोचले तेव्हा मेहुण्याने आधी एका खडकावरची पांढरी खूण बघितली. पाणी बरोबर तिच्यापर्यंत होतं. "मापात आहे," तो म्हणाला. बहीण-भाऊ होड्यांत बसले, कमरेभोवतीची रबरी झालर होडीच्या तोंडावर ताणून बसवली, म्हणजे आत पाणी शिरायला नको. तपासनीस दोराची पिशवी घेऊन काठाने खाली गेले. पिशवीत दोर भरलेला असतो. एक टोक हातात ठेवून पिशवी फेकायची, बुडणाऱ्याने पकडायची. परसात बादलीवर त्यांनी भरपूर सराव केला होता. बादली एकदाही बुडाली नव्हती.

पहिली घसरण सोपी होती. मेहुणा पाण्यावरून आला, खडकामागे पाण्याला जिथे थारा असतो तिथे वळून थांबला. मग बायको निघाली. आणि तेवढ्यात तपासनिसांना दिसलं, की घसरणीच्या मध्यावर पाणी किंचित फुगलंय. कापडाखाली गाठ राहिली की कापड जसं फुगतं, तसंच. खाली खडक होता. वरून तो दिसणं शक्य नव्हतं. इतक्या वर्षांच्या नोकरीचा त्यांना क्षणभर अभिमान वाटला, आणि त्या अभिमानात त्यांचा हात आपण होऊन वर गेला. बोट थेट खडकाकडे.

बायकोने बोट बघितलं. शिकवल्याप्रमाणे तिने विचार केला नाही. होडी वळवली आणि ती तितक्याच थेट त्या खडकावर चढली.

होडी पालथी झाली. बायको बाहेर फेकली गेली, हेल्मेट वर, हेल्मेट खाली, वल्हं भलतीकडे. तपासनिसांनी पिशवी फेकली ती झाडात अडकली. भावानेच तिला पकडलं, ओढत काठाला आणलं. हनुवटी खरचटली होती. ती खोकली, पाणी थुंकली आणि मग तिने नवऱ्याकडे बघितलं.

"अहो, तुम्ही मला काय दाखवत होता?"

"खडक."

"खडक कशाला दाखवायचा? तो मला सापडला की!"

तपासनीस झाडाकडे वळले. झाडावरून दोर सोडवायला त्यांना बराच वेळ लागला, आणि त्यांनी तो आणखी थोडा लावला.

नरसाळ्याच्या वर येऊन तिघेही होड्या बाजूला ठेवून कातळावर उभे राहिले. फोटोत आवाज नव्हता. इथे तो पायांतून वर येत होता. बोलायचं तर एकमेकांच्या कानाशी तोंड न्यावं लागत होतं.

"ताई, उचलू या होड्या," मेहुणा म्हणाला. "किंवा असं कर, भाऊजींच्या जागी मी खाली थांबतो. तू एकटी ये."

"तू पुढे नसलास तर मला वाट कळणार नाही. मला तुझ्या मागोमागच यायचंय."

"मग खाली दोर घेऊन हेच उभे राहणार!"

"हेच राहतील," बायको म्हणाली. "पण त्यांनी बोट दाखवायचं नाही. दोन्ही हातांनी पिशवी धरायची, घट्ट."

"आणि भाऊजी, ऐका." मेहुण्याने त्यांचा दंड धरला. "ती होडीत आहे तोवर दोर टाकायचा नाही. होडी पालथी झाली तरी नाही. ती आतूनच वल्हं मारून सरळ होईल, तिला कोलांटी येते. मध्येच दोर टाकलात तर तो वल्ह्यात गुंतेल आणि ती सरळ होऊच शकणार नाही. होडी वेगळी आणि डोकं वेगळं दिसलं, तरच टाकायचा. तेव्हा मात्र लगेच. कारण पुढे पोकळी आहे."

तपासनीस कातळाच्या टोकावर जाऊन पालथे झोपले आणि नरसाळं तपासू लागले. इतक्या मनापासून त्यांनी आयुष्यात काही तपासलं नव्हतं. त्यांना एक खोट हवी होती. एखादं आडवं झाड, अडकलेली फांदी, मापाबाहेरचं पाणी, काहीही. वरून पाणी एकसंध येत होतं, काळंभोर आणि गुळगुळीत. पडल्यावर डावीकडे फेसातून एक रुंद पट्टा निघत होता, आणि कितीदा बघितलं तरी तो तिथेच होता. त्यांची नजर पुन्हा वरून खाली आली, मग खालून वर गेली. खोट नव्हती. माल चोख होता.

ते उठले. बायको त्यांच्या तोंडाकडे बघत होती. हनुवटीवरचं रक्त सुकलं होतं. तिचा डावा हात उजव्या खांद्यावर होता, आणि तो तिथे आहे हे तिला माहीत नसावं. "नाही" अगदी तपासनिसांच्या दातांपर्यंत आलं. एवढा एक शब्द टाकला की ती होडी उचलणार होती, कारण न विचारता, उद्याही न विचारता, ऑपरेशननंतरही न विचारता.

त्यांनी तोंड उघडलं.

"पिशवी कुठल्या हाताने फेकू?" त्यांनी विचारलं.

"ज्या हाताने झाडात टाकलीत, त्या हाताने नको," बायको म्हणाली, आणि होडीकडे वळली.

खाली, पडणाऱ्या पाण्यासमोर, डाव्या काठाच्या खडकावर ते उभे राहिले. पिशवी दोन्ही हातांत, छातीशी. मेहुणा आला, पडला, फेसातून निघाला, खाली थाऱ्याला वळला. मग नरसाळ्याच्या तोंडाशी पिवळी होडी दिसली. ती बरोबर मेहुण्याच्या वाटेने आली, पडली, डावीकडे निघाली, आणि तिची कड फेसात रुतली. पुढच्या क्षणी पाण्यावर फक्त होडीचं पिवळं पोट होतं.

पोट उजवीकडे सरकू लागलं. कड्याकडे.

वल्ह्याचं पातं पाण्याबाहेर आलं, थरथरलं, परत आत गेलं. खांदा, तपासनिसांच्या मनात आलं. त्यांचा एक हात पिशवीसकट मागे गेला. समोरून मेहुणा ओरडत होता. तोंड दिसत होतं, शब्द येत नव्हता. "टाका" की "टाकू नका" कोण जाणे. होडी आणखी सरकली. कड्याखालचा काळोख आता तिच्या टोकापासून हाताच्या अंतरावर होता.

पातं पुन्हा वर आलं. या वेळी तपासनिसांनी ते नीट बघितलं. ते थरथरत नव्हतं, चाचपत होतं. सपाट होत होतं, पाण्याच्या पृष्ठभागावर जागा शोधत होतं, सुईचं टोक कापडावर टाका घ्यायची जागा शोधतं तसं. सुटलेली शिलाई आणि चालू असलेली शिलाई यांत फरक असतो. आत कोणीतरी शांतपणे काम करत होतं. त्यांनी पिशवी खाली घेतली. असं करताना ती इतकी जड कशी झाली, याचं त्यांना नवल वाटलं.

पातं खाली दाबलं गेलं. होडी अर्धी वळली, अडली, आणि मग बायको एकदम वर आली, तोंड उघडं, केस डोळ्यांवर. तिने डावीकडे दोन वल्ही मारली, मग तिसरं. पट्ट्यात शिरली आणि खडकाखाली शांत पाण्यात येऊन थांबली.

तपासनीस खाली बसले. बसायचं त्यांनी ठरवलं नव्हतं.

तिला बाहेर काढलं तेव्हा तिचा उजवा हात लटका होता आणि ती हसत होती. "खांदा गेला बहुतेक," ती म्हणाली, जणू बस गेली. पुढचा ओढा सोडून ते तिथूनच वर चढायला लागले. दोर्‍या, वल्ही आणि स्वतःची होडी मेहुण्याने घेतली. पिवळी होडी तपासनिसांनी खांद्यावर टाकली. आतलं पाणी त्यांच्या मानेवरून पाठीत उतरत होतं. बायको पुढे चालत होती आणि डाव्या हाताने हवेत नरसाळं काढून दाखवत होती.

"काय पडले मी! सरळ! आणि डावीकडे अशी निघाले, बघितलंत ना? मध्ये जरा कलले, पण पालथी नाही झाले. नाही ना हो?"

"जरा?" मेहुणा म्हणाला. "ताई, अगं तू चांगली..."

तपासनीस खांद्यावरच्या होडीसकट अचानक वळले. होडीचं टोक मेहुण्याच्या हेल्मेटवर आपटलं आणि त्याचं वाक्य तिथेच संपलं.

"जराशी कललीस," तपासनीस म्हणाले. "ते चालतं."