सरासरी चार

माझी ताई टॉवर क्रेन चालवते. जमिनीपासून अठ्ठेचाळीस मीटरवर, कपाटापेक्षा जरा मोठ्या केबिनमध्ये बसून ती टनांनी वजनं उचलते आणि सांगितलेल्या जागी बोटभरही न चुकता ठेवते. शिडीने वर जायला तिला अकरा मिनिटं लागतात, उतरायला आठ. संडास अर्थातच खाली आहे.

तीन वर्षांपासून तिच्या पोटाचं काही खरं नव्हतं. चार-चार दिवस काहीच नाही, मग एके सकाळी नुसती धावपळ. रक्त तपासून झालं, सोनोग्राफी झाली. आतड्यांना सूज नाही, जखम नाही, फक्त त्यांचं वागणं ठीक नाही, असा निकाल निघाला. आयबीएस. आईचं म्हणणं, आतडी कोणावर गेली आहेत ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

त्या महिन्यात ताई दोनदा काम अर्धवट टाकून खाली उतरली आणि दोन्ही वेळा तिने केबिनमध्ये जळका वास येतो असं सांगितलं. इलेक्ट्रिशियनने बिचाऱ्याने दोनदा सगळी वायरिंग उघडून पाहिली. सुपरवायझर मात्र कच्च्या गुरूचा चेला नव्हता. पाच आठवड्यांनी सभागृहाच्या छतावर आठ लोखंडी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, चढवायच्या होत्या, सकाळी सातपासून सलग चार तास. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, दुसऱ्या ऑपरेटरला बोलावतो, असं तो म्हणाला. आणि तो दुसरा आला की पुढची इमारतही त्याचीच, हे त्याने हळू आवाजात जोडलं. ताईने जमेल म्हणून सांगितलं आणि घरी येऊन पलंगावर आडवी झाली.

पोटाच्या डॉक्टरांची वेळ दोन महिन्यांनंतरची मिळत होती. म्हणून आम्ही ऑनलाइन डॉक्टर गाठले. आमच्या खोलीत, पुस्तकांच्या गठ्ठ्याला फोन टेकवून.

पहिले डॉक्टर तरुण होते आणि घाईत होते. रक्त पडतं का, वजन उतरलंय का, असं विचारून झाल्यावर त्यांनी दोन आठवड्यांची नोंदवही ठेवायला सांगितली. शौचाचे एक ते सात असे प्रकार असतात: एक म्हणजे सुके खडे, सात म्हणजे निव्वळ पाणी, चार म्हणजे आदर्श. रोज आकडा लिहायचा आणि काय खाल्लं तेही. इतक्यात आई मागून आत आली, कॅमेऱ्यात वाकली आणि ही भात सोडून बाकी सगळं खाते, असं सांगून गेली.

नोंदवहीचं काम माझ्याकडे आलं. मी रसायनशास्त्र शिकले आहे आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते. घरात मला ‘मापटं’ म्हणतात. ताई कामावरून आली की आकडा सांगायची, मी तक्ता भरायचे. पंधरवडा संपल्यावर डॉक्टरांचा वेळ वाचावा म्हणून मी तक्ता न पाठवता त्याचा सारांश पाठवला. पहिल्या आठवड्याची सरासरी ३.९, दुसऱ्याची ४.१.

डॉक्टरांनी चार मिनिटांत कॉल आटोपला. उत्तम आहे, आहे तसंच चालू ठेवा. मला, खोटं कशाला सांगू, थोडा अभिमानच वाटला.

तिसऱ्या दिवशी ताई शिडीवरून चार मिनिटांत खाली आली. हा तिचा विक्रम होता. रात्री दिवा बंद केल्यावर तिने ते सांगितलं, मग म्हणाली, “मापट्या, मी सुपरवायझरला नाही म्हणून सांगते. मध्येच लोड लटकलेलं असताना असं झालं तर खाली उभ्या माणसांचं काय?”

दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या डॉक्टर शोधल्या. पन्नाशीच्या बाई होत्या, चष्मा कपाळावर. त्यांनी माझा सारांश वाचला, चष्मा खाली घेतला आणि पुन्हा वाचला.

“ही सरासरी कोणी काढली?”

मी काढल्याचं सांगितलं. नोकरी कुठे करता, हेही त्यांनी विचारलं.

“तीन दिवस नळाला पाणी नाही आणि चौथ्या दिवशी पाइप फुटला, तर तुमच्याकडे पुरवठा सुरळीत असा अहवाल देतात का?”

ताई इतकी हसली की फोन पुस्तकांवरून घसरला. मी कानापर्यंत लाल झाले. मूळ तक्ता पाठवला. त्यात एक, एक, दोन, सात, सात, सहा असे आकडे होते. आदर्श चार पंधरा दिवसांत एकदाही नव्हता. तो फक्त माझ्या भागाकारात होता.

बाईंनी आणखी एक गोष्ट मागितली: प्रत्येक खाण्याची वेळ. मी वेळा लिहिल्याच नव्हत्या, कारण ‘दिवसभरात काय खाल्लं’ एवढाच रकाना होता. ताईकडे वळून त्यांनी विचारलं, कामावर जाण्याआधी काय खाता? मग कळलं की ती काहीच खात नव्हती. रात्री आठपासून दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत पोटात फक्त काळी कॉफी आणि वर असताना पाण्याचा थेंब नाही. पोटात काही नसेल तर बाहेर काय येणार, हा तिचा हिशोब. तीन वाजता घरी आली की सगळ्यांच्या वाटणीचं एकटी जेवायची. ती दारं लावून जेवते म्हणून आई वर्षभर कुरकुरत होती आणि मी शेजारच्या खोलीत बसून तक्ते रंगवत होते.

बाईंनी उपदेश केला नाही. सकाळी थोडं खायचं, दर तीन-चार तासांनी थोडं. कॉफी निम्मी. इसबगोल अर्ध्या चमच्यापासून, भरपूर पाण्याबरोबर. कांदा दोन आठवडे बंद, मग परत सुरू करून बघायचं. पोटातल्या पेटक्यांसाठी एक गोळी दिली, पण ती आधी सुट्टीच्या दिवशी घ्यायची आणि चक्कर किंवा गुंगी येत नाही ना ते पाहायचं. तोपर्यंत गोळी घेऊन क्रेनवर चढायचं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, वर असताना उतरावंसं वाटलं तर कोणाला सांगता?

“जळका वास येतो म्हणते,” ताई म्हणाली.

“त्याला माझ्याकडे गोळी नाही,” बाई म्हणाल्या. “ते तुम्हालाच बोलावं लागेल.”

सकाळी खाऊन वर चढणं हे ताईला त्या उंचीपेक्षा भीतीदायक होतं. पहिल्या दिवशी अर्धा टोस्ट खाऊन ती उंबरठ्यावर पाच मिनिटं उभी राहिली, जणू आत काही टिकटिक करतंय. काही झालं नाही. चौथ्या दिवशी झालं. आठव्या दिवशी नाही. सुट्टीच्या दिवशी गोळी घेऊन ती तासभर एका पायावर उभी राहून बघत होती. गुंगी आली नाही, फक्त आईला ती ठार वेडी झाल्याची खात्री पटली. मी आता वेळा लिहीत होते आणि काहीही भागत नव्हते. एक आणि सात कमी झाले, तीन आणि पाच वाढले. सहा मात्र अधूनमधून यायचाच.

कैच्यांच्या पाच दिवस आधी ताई सुपरवायझरच्या खोलीत गेली आणि वायरिंगला काहीही झालेलं नाही हे सांगून टाकलं. मग मी आखून दिलेलं वेळापत्रक पुढे ठेवलं. एका कैचीला पंचवीस मिनिटं, चार कैच्यांनंतर अर्धा तास सुट्टी, काम अकराच्या आत पूर्ण. वारा तिथे बाराच्या सुमाराला उठतो. त्याने कागद उलटसुलट पाहिला. तो म्हणाला, मला वाटलं तुम्ही दुसरीकडे नोकरी शोधताय आणि उतरून फोन करताय. दुसऱ्या ऑपरेटरला मात्र त्याने कैच्यांच्या दिवशी बोलावून ठेवलंच.

त्या सकाळी मी रजा घेतली. सुपरवायझरने मला हेल्मेट देऊन स्वतःच्या शेजारी उभं केलं. त्याच्या वॉकीटॉकीवर ताईचा आवाज घरच्यापेक्षा सपाट येत होता. पहिली कैची बसली. दुसरी बसली. तिसरी खांबांवर टेकली, बोल्ट आवळले, हूक मोकळा झाला, आणि वॉकीटॉकी एकदम शांत झाला. दुसरा ऑपरेटर बाकावरून उठून हातमोजे घालू लागला.

“पोट बिघडलंय,” ताईचा आवाज आला. “हूक रिकामा आहे. सुट्टी आत्ता घेते. चौथी नंतर.”

पंधरा माणसांनी ते ऐकलं. सुपरवायझरने घड्याळ पाहिलं, आकाश पाहिलं आणि बटण दाबलं. “घ्या. सावकाश उतरा.”

मग कैचीवर बसलेल्या फिटरचा आवाज आला, तर मीपण जाऊन येतो, मघापासून धरून बसलोय. त्याच्यामागे आणखी दोघांनी नावं नोंदवली. हातमोजे घातलेला ऑपरेटर परत बाकावर बसला.

आठवी कैची अकरा वाजून दहा मिनिटांनी बसली. वारा अजून उठला नव्हता, क्रेनवरचा झेंडा नुसता सळसळत होता. सुपरवायझरने फळ्यावर पुढच्या इमारतीच्या नावाखाली ताईचं नाव लिहिलं आणि वेळापत्रकात नऊच्या पुढे अर्ध्या तासाच्या सुट्टीची आडवी रेघ मारली, रोजसाठी.

मी घरी आले तर आई ताट वाढून बसली होती. तीन वाजले, साडेतीन वाजले. शेवटी ताईचा फोन आला. ती साइटवरच जेवली होती, एक वाजता, सगळ्यांबरोबर.

“काय जेवलीस?” आईने विचारलं.

पलीकडून उत्तर आलं. आईने फोन माझ्या हातात दिला.

“भात,” आई म्हणाली. “तिथे जाऊन भात खाल्लाय म्हणे.”