सुतळीचा नकाशा

वास्तुकलेच्या कॉलेजात मुलं तिला पाठीमागे ‘ओळंबा मॅडम’ म्हणत. भिंत केसभर कलली तरी तिच्या कपाळाला आठी पडे. अठरा वर्षं ती एकच गोष्ट जीव तोडून शिकवत आली होती, की जागेला मोकळं वाहू द्या. स्वतःच्या घरातल्या मधल्या भिंतीही तिने पाडून टाकल्या होत्या. एका टोकाला छोटी खोली, दुसऱ्या टोकाला बाल्कनी, आणि मध्ये पंचवीस फुटांचा दिवाणखाना. स्वयंपाकघरही त्यातच. सकाळी ऊन आत शिरलं की घर काठोकाठ भरून जाई.

त्या छोट्या खोलीत आता बाबा आले होते. जन्मभर सुतारकाम केलेले बाबा. गेल्या वर्षी दोन्ही डोळे गेले. महिनाभर राहून बघायचं, जमलं तर कायमचं, असं ठरलं होतं. त्यांना ठेच लागू नये म्हणून तिने टीपॉय हलवला, कुंड्या हलवल्या, पायपुसणंसुद्धा उचललं. बाबा इथे रमावेत, एवढंच तिला हवं होतं.

आठव्या दिवशी, सोमवारी, सकाळीच बाबा म्हणाले, “बुधवारी मला दादाकडे सोड.”

“का हो, बाबा? कुणी काही बोललं का?”

“छे गं! जावईबापू तर इतकं जपून, हळू बोलतात, की मला वाटतं माझे कानही गेले.”

“मग?”

“तुझं घर फार मोठं आहे, पोरी.”

दुपारी ती कॉलेजातून लवकर आली, तर बाबा खोलीच्या दारात उभे. उजवा हात चौकटीवर. हात चौकटीवरून सुटला, पुढे गेला आणि काहीच न सापडून हवेत तसाच राहिला. मग मुकाट मागे फिरला. पलंग कुरकुरला.

ती दारापाशी गेली, डोळे गच्च मिटले आणि बाल्कनीकडे चालू लागली. आपण नाकासमोर चाललोय, असंच वाटत होतं. सात पावलं, आठ, नऊ... धाडकन!

“फ्रिज भेटला वाटतं,” खोलीतून आवाज आला. “मलाही परवा तोच भेटला.”

कपाळ चोळता चोळता तिला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. ज्याला ती मोकळेपणा म्हणत होती, त्याला बाबांच्या हातापुरता काठच नव्हता.

“बाबा, भिंत परत घालू?”

“भिंत कशाला? तुम्हाला उजेड लागतोच की. माझ्या हाताला सोबत दे काहीतरी.”

संध्याकाळी तिने पुठ्ठ्यावर घर मांडलं. भिंती बारीक दोऱ्याच्या, आणि खोलीपासून बाल्कनीपर्यंत कमरेएवढ्या कपाटांची एक ओळ. तिच्या कडेला हाताला धरायला लाकडी पट्टी, ती जाड सुतळीची. गोंद ओला होता तोच पुठ्ठा बाबांच्या मांडीवर ठेवला.

बाबांची बोटं निघाली. तर्जनी पुढे, अंगठा मागे, सावकाश, जणू पहाटेच्या पायवाटेवर कुणी चाललंय.

“बाल्कनीत नेलंस, छान केलंस. पण बाथरूम कुठंय? रोज बाल्कनीतच पाठवणार का म्हाताऱ्याला?”

“अगंबाई!” तिने जीभ चावली.

बाबांनी सुतळी उचकटली आणि बाथरूमच्या दारावरून नेऊन पुन्हा बसवली. तिने जिथे काटकोन काढला होता, तिथे अंगठ्याने दाबून हळूच गोलाई दिली.

“काटकोनात हात थबकतो गं. गोलाईवरून आपसूक वळतो. आणि बाथरूमपाशी पट्टीला खालून एक खाच पाड. बोटाला कळेल, की आलं.”

ती बघतच राहिली. किती जिने, किती कमानी तिने मुलांना हौसेने दाखवल्या होत्या. पण घर असं बोटांनी ऐकणारं माणूस तिने पाहिलं नव्हतं. तिने पाडलेलं, रंगवलेलं, मिरवलेलं हे घर बाबांना तिच्याहून जास्त दिसत होतं.

“लाकूड कुठलं घालणार?”

“सागवान.”

“सरळ रेषांचं बघून घे. आणि घासायला मशीनवाला नको, पट्टी मी घासणार. पंधरा-वीस दिवस तरी जातील.”

“आणि बुधवारी?” तिने भीत भीत विचारलं.

“बुधवारी काय? दादाला फोन लाव. म्हणावं, म्हातारा कामाला लागलाय.”

तिने फोन उचलला. बाबांचा अंगठा ओल्या गोंदावरची ती गोलाई अजून दाबत होता. त्यांच्या मते ती पुरेशी झाली नव्हती.